मोगली आणि डकटेल्स, दोन्ही टोकियोचेच? ॲनिमे आणि कार्टूनमधला फरक

शेवटची_लोकल | रविवार, रात्री १०:४२

आज भाच्याने चारचौघांत माझी इज्जत काढली, त्यातून हा धागा.

भाचा तेरा वर्षांचा. जेवताना ताटाशेजारी मोबाईल उभा करून बसला होता. मी म्हटलं, "बंद कर ते कार्टून, वरण गार होतंय." मान वर न करता म्हणाला, "मामा, कार्टून नाही, ॲनिमे." मी म्हटलं, त्यात काय एवढं, डोळे बशीएवढे आणि केस खराट्यासारखे काढले की झालं जपानी ॲनिमे. "असं काही नसतं," म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये घुसला. मग मलाही चेव आला. आमच्या वेळी रविवारी सकाळी दूरदर्शनवर कशी अस्सल विलायती कार्टून लागायची, मोगली काय, डकटेल्स काय, असं पाच मिनिटं ऐकवलं.

जेवण झाल्यावर सहज शोधलं आणि गप्प बसलो. मोगलीची मालिका निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ सालची, चक्क जपानी. म्हणजे गोष्ट किपलिंगची, जंगल सिवनीचं, चित्रं टोकियोची आणि आपल्याकडच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे. बरं, निदान डकटेल्स तरी अमेरिकी? कंपनी डिस्नीच, पण १९८७ च्या त्या भागांपैकी बऱ्याच भागांचं ॲनिमेशन टोकियो मूव्ही शिन्शा या स्टुडिओतून झालेलं. माझे दोन्ही साक्षीदार फितूर.

तर प्रश्न असा, की देश हा फरक नसेल, डोळे हाही नसेल, तर फरक नक्की कशात आहे? मला जाणवलेली एक गोष्ट सांगतो. भाच्याचा तो भाग मी नंतर मागून उभं राहून पाहिला. हिरो कड्यावर उभा, वारा सुटलेला. मी मनात आकडे मोजले, अकरा सेकंद फक्त केस हलत होते. टॉम अँड जेरीत अकरा सेकंदांत टॉम तीनदा भिंतीवर आपटून एकदा इस्त्रीखाली चपटा होतो. हा आळस समजायचा की कला?

चिंचगोळी | रविवार, रात्री ११:०५

मोगली जपानी?? आमच्या बालपणाची ही शुद्ध फसवणूक आहे. शेरखान तरी आपलाच आहे ना? नाना पाटेकरांचा आवाज होता. तेवढं कुणी काढून घेऊ नका.

पेन्सिलतोडे | रविवार, रात्री ११:५१

पुण्यात टूडी ॲनिमेशनचं काम करतो, त्यामुळे राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येक चौकटीला नवीन चित्र काढलं तर सेकंदाला २४ चित्रं. एक चित्र दोन चौकटी ठेवलं तर १२, तीन चौकटी ठेवलं तर ८. आम्ही याला वन्सवर, टूजवर, थ्रीजवर म्हणतो. जुन्या डिस्नीपटात आणि टॉम अँड जेरीत काम वन्स-टूजवर चाले. जपानी टीव्हीवर बहुतेक थ्रीजवर, आणि मध्येच सरळ एकच चित्र धरून ठेवायचं, त्यावर फक्त ओठ किंवा केस हलवायचे. शेवटची_लोकल, तुमचे अकरा सेकंद ते हेच.

याची सुरुवात कुठून? १ जानेवारी १९६३. ओसामू तेझुका यांची ॲस्ट्रो बॉय ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास. तेझुकांनी ती खर्च भरून निघणार नाही इतक्या स्वस्तात दिली आणि उरलेला पैसा खेळणी, चॉकलेटं आणि परदेशी विक्रीतून काढायचा बेत केला. मग चित्रं वाचवणं आलंच. उडणाऱ्या ॲटमचं (ॲस्ट्रो बॉयचं जपानी नाव) चित्र एकदा काढलं की जपून ठेवायचं आणि पुढच्या भागात मागचं आभाळ बदलून तेच वापरायचं. पहिल्यांदाच भाव पाडून ठेवला म्हणून तेझुकांच्या नावाने बोटं मोडणारे तिकडच्या धंद्यात आजही आहेत. मधली चित्रं काढणाऱ्या पोराला चित्रामागे पैसे मिळतात, आणि ते किती कमी असतात ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता गंमत. ही काटकसर जपानचा शोध नाही. टॉम अँड जेरी काढणारे हॅना आणि बार्बेरा यांच्या त्या जोडीच्या चित्रपटांना सात ऑस्कर मिळाली होती. तरी १९५७ मध्ये एमजीएम या त्यांच्या चित्रपट कंपनीने कार्टूनचा विभागच बंद केला. दोघे टीव्हीकडे वळले. तिथे पूर्वीच्या खर्चाचा दहावा हिस्साही मिळेना. मग त्यांनी काय केलं? योगी बेअरचा टाय आठवा. अस्वलाला टाय कशाला? तर गळ्याशी एक रेघ हवी होती. धड एकदाच काढायचं, ते तसंच राहू द्यायचं आणि टायच्या वरचं नुसतं डोकं बदलत राहायचं. फ्लिंटस्टोन घरात धावतो तेव्हा मागून तोच दिवा, तीच खिडकी, पुन्हा तोच दिवा जातो, तेही त्यातलंच.

म्हणजे टीव्हीवर आल्यावर दोघेही कडकेच. फरक पडला तो कडकीत काय वाचवलं यात. अमेरिकेने बडबड आणि विनोद वाचवला. बग्ज बनीची कार्टून काढणारे चक जोन्स यांनी त्या प्रकाराला चित्रं लावलेला रेडिओ म्हणून हिणवलं होतं. डोळे मिटून फ्लिंटस्टोन ऐका, गोष्ट कळते. जपान्यांनी कॅमेरा वाचवला. चित्र हलत नाही ना, मग चित्रावरून कॅमेरा सरकवा, प्रकाश बदला, अचानक डोळ्यांवर जा, रिकाम्या रस्त्यावर थांबा. आवाज बंद करून एखादं बरं ॲनिमे बघा, तरी गोष्ट कळते.

सातपुडा | सोमवार, सकाळी ८:२०

पेन्सिलतोडे, छान लिहिलंय, पण खिशात पैसे नव्हते म्हणून चित्र थांबलं आणि आता त्याला कला म्हणायचं, हे मला पटत नाही. आमच्या मेसवाल्याने भाजीत पाणी वाढवलं तर त्याला आम्ही रस्सा म्हणायचो, तसं झालं हे. ड्रॅगन बॉल झेड पाहिलंय का कुणी? त्यातला खलनायक फ्रीझा म्हणतो हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं आठवड्यांमागून आठवडे संपत नाहीत. दोघे समोरासमोर उभे राहून नुसते गुरगुरतात.

पेन्सिलतोडे | सोमवार, सकाळी ९:०२

@सातपुडा, गुरगुरण्याबद्दल पूर्ण सहमत. त्याचं कारण मात्र वेगळं. मूळ गोष्ट साप्ताहिकातली चित्रकथा, म्हणजे मांगा. साप्ताहिकात दर आठवड्याला वीसेक पानं येतात आणि टीव्हीचा एक भाग ती बघता बघता खाऊन टाकतो. मालिका कथेच्या पाठीला जाऊन धडकू नये म्हणून ताणायचं, नाहीतर मध्ये भरताड घालायचं. आपल्या मराठी मालिकांत मंगळागौर चार दिवस चालते ती काय कलेसाठी?

पण सगळं थांबणं ताणणं नसतं. इव्हँजेलियन या १९९५ च्या मालिकेत बाविसाव्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. एकमेकींशी पटत नाही. मिनिटभराच्या आसपास चित्र ठप्प, लिफ्टची घरघर तेवढी. पैसे वाचले हे खरंच, पण पाहताना आपणच अवघडून पाय बदलतो. हलणारं चित्र असतं तर ते झालं नसतं.

नागली | सोमवार, दुपारी १:१५

आमी कुडाळचे. धागा वाचताना मला पिंगुळी आठवली.

पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल. कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी. एक चित्र उभं धरायचं, त्यावर गाणं आणि कथन, वीणा-टाळ-हुडुक साथीला. मग ते चित्र मागे, पुढचं पुढे. (परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.) लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलं तेव्हा रावणाचं एकच चित्र कितीतरी वेळ समोर होतं, आणि मला शपथेवर सांगता येईल की तो हलला होता. आवाज चढला की हलायचा.

नंतर वाचताना कळलं की जपानातही असाच प्रकार होता, कामिशिबाई. म्हणजे कागदी नाटक. १९३० च्या दशकात सायकलवर लाकडी चौकट लावून माणूस गल्लीत यायचा, लाकडं आपटून पोरं गोळा करायचा, गोळ्या विकायचा आणि चौकटीतून एकेक चित्र ओढत गोष्ट सांगायचा. गोष्ट ऐन रंगात आली की "पुढचं उद्या". टीव्ही आला तसा हा धंदा बसला, आणि त्यातले काही चित्रकार मांगाकडे गेले. तेव्हा स्थिर चित्र आणि वरून आवाज ही सवय त्या लोकांच्या अंगात टीव्हीच्या आधीपासून होती. सातपुडा, पैसे नव्हते हे खरंच. पण पैसे नसताना माणूस घरात जे आधीपासून असतं तेच काढतो ना.

सातपुडा | सोमवार, दुपारी १:४०

नागलीताई, हे पटलं. रस्सा परत घेतो.

मिठागर | सोमवार, रात्री ११:३०

मी डबिंगसाठी संवाद लिहिते, बरंचसं हिंदी, थोडं मराठी. माझ्यासाठी ॲनिमे आणि अमेरिकी कार्टूनमधला फरक एकाच जागी आहे. ओठांत.

अमेरिकेत आधी आवाज, मग चित्र. नट माईकसमोर बोलतो आणि चित्रकार त्या आवाजावर तोंड काढतो. १९९२ च्या अलादिनमधला जिनी घ्या. रॉबिन विल्यम्स माईकसमोर मनाला येईल ते बरळले आणि चित्रकारांनी त्यातलं वेचून त्याला हातपाय दिले. जपानात सहसा उलटं. चित्र आधी, आवाज नंतर. कधीकधी चित्र पुरतं रंगलेलंही नसतं, कच्च्या रेघांकडे बघत नटमंडळी बोलतात. १९८८ च्या अकिरासारखे अपवाद आहेत, त्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित केले होते. पण एरवी तोंडाची चित्रं तीनच: मिटलेलं, अर्धं, उघडं. बोलणं सुरू झालं की तोंड उघड-मीट, संपलं की बंद.

याचा माझ्या कामावर परिणाम बघा. ॲनिमेत मी काहीही लिहू शकते. वेळ जुळली की झालं. अमेरिकी कार्टूनमध्ये मात्र प, ब, म आले की ओठ मिटलेले स्वच्छ दिसतात आणि तिथे माझ्याही वाक्यात प-ब-म लागतो. पात्र "आय डोन्ट नो" म्हणतं, त्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. मराठीत सरळ लिहिलं "मला माहीत नाही", तर दोन म. पडद्यावर तोंड उघडं आणि कानावर म, फारच विचित्र दिसतं. म्हणून "कुणास ठाऊक". बोलून बघा, एकदाही ओठ मिटत नाहीत, आणि शेवटी ऊला ओठांचा चंबूही होतो. अशा एका "कुणास ठाऊक"साठी एका दुपारी मी चार कप चहा प्यायले आहे. उलट "स्टॉप" आला की मला लॉटरी लागते, कारण आपलं "थांब" ओठ मिटूनच संपतं. हिंदीवाली मैत्रीण "रुक जा" घेऊन बसते बिचारी.

एकदा एका ठिकाणी (नाव नको) नव्या दिग्दर्शकाने जपानी मालिकेलाही असाच ओठांचा हट्ट धरला. दोन दिवस आम्ही न मिटणाऱ्या तोंडांवर म शोधत होतो. शेवटी साऊंडवाल्या काकांनी आवाज बंद करून नुसतं तोंड दाखवलं. "उघड, मीट, उघड, मीट. साहेब, हा मासा आहे. माशाला काय म बसवताय?" तेव्हा कुठे सुटका झाली.

चिंचगोळी | मंगळवार, सकाळी ७:५५

काल रात्रीपासून घरात सगळे आरशासमोर "कुणास ठाऊक" म्हणून बघताहेत. मिठागर, तुम्ही जबाबदार.

मुंबईची_आत्याबाई | मंगळवार, दुपारी १२:१०

हे सगळं छान, पण घरात पोरं असणाऱ्यांचा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. तो शिनचॅन! माझा नातू त्याच्यासारखी कंबर हलवून दाखवतो, आईला नावाने हाक मारतो. २००८ मध्ये आपल्याकडे बंदही केला होता तो, मग कापून-छाटून परत आणला. टॉम अँड जेरीत मारामारी असली तरी असलं काही नव्हतं हो. आणि एक विचारते. झोपल्यावर नाकाला तो फुगा का येतो?

निशिकासाईकर | मंगळवार, दुपारी ४:३५

आत्याबाई, फुगा म्हणजे गाढ झोप. मांगातल्या या खुणांची एक आख्खी बाराखडी असते. कपाळावर फुली म्हणजे राग, गालाशी मोठा थेंब म्हणजे पंचाईत. टॉमच्या डोक्याभोवती तारे फिरतात किंवा कल्पना सुचली की दिवा पेटतो, तशाच या.

शिनचॅनचं म्हणाल तर चूक त्या पोराची नाही. तो १९९० मध्ये ज्या साप्ताहिकात जन्मला ते मोठ्या पुरुषांनी वाचायचं साप्ताहिक होतं. पाच वर्षांचं पोर आईबापांची कशी अब्रू घालवतं हे वाचून दमलेल्या बापांनी हसावं म्हणून ती गोष्ट. आपल्याकडे 'चित्र हलतंय म्हणजे लहान मुलांचं' या हिशेबाने मुलांच्या वाहिनीवर आली. मांगात वाचकाच्या वयाप्रमाणे साप्ताहिकंच वेगळी असतात. मुलग्यांची, मुलींची, नोकरदारांची. ॲनिमे त्यातून निघतं, म्हणून तेही सगळ्या वयांचं.

मी टोकियोत राहते (निशिकासाई, आपली बरीच मंडळी आहेत इथे). इथे आल्यावर पहिला धक्का शब्दाचाच बसला. ऑफिसातल्या सेम्पाईला (म्हणजे सीनियरला) विचारलं, तुझं आवडतं ॲनिमे कुठलं? म्हणाली, "टॉम अँड जेरी." मला वाटलं चेष्टा करतेय. पण जपानी भाषेत ॲनिमे म्हणजे कुठलंही हलतं चित्र. डिस्नीही ॲनिमेच. 'ॲनिमे विरुद्ध कार्टून' हे भांडण जपानच्या बाहेरचं आहे.

आणि इथे घरोघरी चालणारं ॲनिमे कुठलं विचाराल तर तलवारी नाहीत, राक्षस नाहीत. साझाए-सान. ५ ऑक्टोबर १९६९ पासून, रविवारी संध्याकाळी. आजी-आजोबा, मुलगी-जावई, नातू, सगळे एका घरात. नावं सगळी समुद्रातली. साझाए म्हणजे शंखातली एक समुद्री गोगलगाय, भाऊ कात्सुओ म्हणजे बोनिटो मासा, बहीण वाकामे म्हणजे शेवाळं. आपल्याकडे एखाद्या घरात तिसरी, बांगडा आणि सुरमई अशी भावंडं असावीत तसं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, कात्सुओ अजून पाचवीतच आहे. शेवटी साझाए पडद्यावरून कागद-कात्री-दगड खेळते, लोक घरात बसून तिच्याशी हात करतात, आणि मग एकदम जाणवतं की उद्या सोमवार. त्या उदासीला इथे साझाए-सानचा आजार असंच म्हणतात.

तेव्हा 'ॲनिमेतली पात्रं मोठी होतात, कार्टूनमधली होत नाहीत' असं कुणी म्हणणार असेल तर कात्सुओला आधी वरच्या वर्गात घाला.

सातपुडा | मंगळवार, रात्री ९:१८

अरेच्चा, मी नेमकं तेच लिहिणार होतो! तरी लिहितोच, कारण साझाए-सान सोडली तर मुद्दा बराचसा टिकतो.

अमेरिकी मालिका म्हणजे चांदोबातले विक्रम-वेताळ. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजाचं मौन सुटतं, वेताळ परत झाडावर. पुढच्या महिन्यात पहिल्यापासून. बार्ट सिम्पसन १९८९ पासून दहाच वर्षांचा आहे.

यामागे विक्रीचं गणित आहे. अमेरिकेत मालिका गावोगावच्या वाहिन्यांना विकायच्या तर दुपारी शाळा सुटल्यावर रोज एक भाग, आठवड्याचे पाच, तेरा आठवडे, म्हणजे ६५ भागांचा गठ्ठा लागे. डकटेल्सचा पहिला हंगाम ६५ भागांचा. हीमॅनचे भाग १३०, बरोबर दोन गठ्ठे. वाहिनीने कुठलाही भाग कुठल्याही दिवशी लावला तरी चालला पाहिजे, म्हणून भागाच्या शेवटी सगळं होतं तिथे परत. कुणी मरायचं नाही, कुणाचं लग्न व्हायचं नाही. त्यात पालकांच्या संघटनांचा मारामारीला विरोध. हीमॅनकडे एवढी तलवार, पण कुणाला मारायची सोय नाही. नुसती उंच धरायची, माणसं उचलून चिखलात टाकायची आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून उपदेश करायचा. लहानपणी मला ती तलवार म्हणजे लोडशेडिंगमधली बॅटरी वाटायची.

जपानी मालिकेला मागे मांगा असतो, त्यामुळे गोष्ट पुढेच जाते. माणसं मरतात आणि मेलेली राहतात (ड्रॅगन बॉल वगळून).

पेन्सिलतोडे | मंगळवार, रात्री १०:४०

+१. फक्त जपानी मालिका धुतल्या तांदळाच्या आहेत असं नको. तिकडेही खेळणी विकायचीच होती. १९७९ ची गंडाम ही यंत्रमानवांची मालिका. ५२ भाग ठरले होते, प्रेक्षक आणि खेळणी दोन्ही मंद, म्हणून ४३ मध्ये आवरली. पुढच्या वर्षी बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने जोडायचे प्लास्टिकचे संच काढले, ते तुफान खपले, आणि बंद पडलेली मालिका आजतागायत जिवंत आहे.

आणि ट्रान्सफॉर्मर्स? १९८४. खेळणी मुळात जपानच्या ताकाराची, विकत घेतली अमेरिकेच्या हॅस्ब्रोने, गोष्ट अमेरिकेत लिहिली, ॲनिमेशन मुख्यतः तोएई स्टुडिओने टोकियोत केलं. आता हे कुठल्या रकान्यात टाकता?

उलट बाजूनेही तेच. तेझुकांचे ते मोठे डोळे डिस्नीकडून आले, बँबी त्यांनी थेटरात बसून कितीतरी वेळा पाहिला होता. आणि २००५ ची अवतार ही आंग नावाच्या टकल्या मुलाची मालिका लिहिली अमेरिकेत, रेखाटली कोरियात. मरणारं मरतं, वाढणारं वाढतं, तीन पर्वांत गोष्ट संपते. माझ्या मते ती रचनेने ॲनिमे आहे. यावर आमच्या स्टुडिओत दोन जण एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते.

चिंचगोळी | बुधवार, सकाळी ११:००

मुंबईतलं ॲनिमे कुणाला आठवतं का? सूरज, द रायझिंग स्टार. २०१२ च्या डिसेंबरात कलर्सवर लागायचं. १९६८ च्या बेसबॉलवरच्या जपानी मालिकेचा भारतीय अवतार. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि हिरो मुंबईच्या झोपडपट्टीतला. मूळ मालिकेत बाप पोराच्या अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवतो, हात बळकट व्हावेत म्हणून. आपल्याकडे ते फारच छळाचं दिसेल म्हणून सायकलच्या ट्यूब बांधल्या. तरी एक चेंडू टाकायला निम्मा भाग जायचाच. हातातून सुटलेला चेंडू बॅटपर्यंत पोचेस्तोवर आमच्याकडे पोहे करून खाऊन व्हायचे.

नागली | बुधवार, दुपारी २:२५

मग रामायण कसं विसरलात? युगो साको यांचं, भारत-जपान मिळून केलेलं. आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत थेटरात आलं तेव्हा मी गोव्यात जाऊन पाहिलं. जुन्या हिंदी डबिंगमध्ये रामाचा आवाज अरुण गोविल, रावणाचा अमरीश पुरी.

या धाग्याला जोडून सांगायचं ते राम मोहन यांच्याबद्दल. भारताच्या बाजूने दिग्दर्शनात ते होते. ते शिकले मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, १९५६ च्या सुमारास, आणि शिकवायला आले होते डिस्नीतले क्लेअर वीक्स. डिस्नीच्या माणसाचा चेला टोकियोत बसून जपानी चित्रकारांबरोबर राम-रावण युद्ध काढतो. आता हे काय म्हणायचं?

मला विचाराल तर त्यात दोन्ही दिसतं. वानर उड्या मारतात तेव्हा थोडं डिस्नी. पण सेतू बांधण्याआधी राम समुद्राकडे बघतो, तिथे ते जपानी वाटलं. मागच्या रांगेतलं एक पोर "पिक्चर अडकलं काय?" म्हणालं.

निशिकासाईकर | बुधवार, संध्याकाळी ६:५०

नागलीताई, "पिक्चर अडकलं काय" हा प्रश्न जपानी ॲनिमे दिग्दर्शक मियाझाकींना अमेरिकेतही भेटला होता. २००२ मध्ये समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्यांना विचारलं की तुमच्या चित्रपटांत माणसं मध्येच नुसती बसतात, उसासा टाकतात, ओढ्याकडे बघतात, ते का? मियाझाकींनी तीन-चार टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, दोन टाळ्यांमधला जो वेळ आहे, तो 'मा'. जपानीत हा रोजचा शब्द आहे, दोन गोष्टींमधली मोकळी जागा. गाण्यातली, बोलण्यातली, खोलीतलीसुद्धा.

आपल्या लोकांना हे समजवायला मला पंधरा सेकंद लागतात. तबलजी समेच्या आधी हात उचलून धरतो ना, तो.

सातपुडा | बुधवार, संध्याकाळी ७:०५

तबलजी हात उचलून अकरा सेकंद धरत नाही.

निशिकासाईकर | बुधवार, संध्याकाळी ७:०९

तुम्ही विलंबित ऐकलेलं दिसत नाही.

शेवटची_लोकल | रविवार, रात्री ९:३०

धागा काढून आठवडाभर गायब होतो, क्वार्टर-एंड. आज सगळं एका बैठकीत वाचलं, भाच्यालाही दाखवलं. मिठागरताईंच्या मासा प्रकरणावर तो इतका हसला की ठसका लागला. मग आम्ही दोघांनी टॉम अँड जेरीचा जुना भाग लावला आणि एकेक चौकट थांबवत पाहिला. टॉम पळत असतानाच्या एका चौकटीत त्याला चक्क टॉम सापडला नाही, नुसता करडा फराटा होता. "मामा, इथे टॉमच नाहीये!" असं ओरडून त्याने आईला स्वयंपाकघरातून बोलावलं.

आता शाळेच्या वहीच्या मागच्या पानांच्या कोपऱ्यात काहीतरी चाललंय. पानं फर्रकन सोडली की एक पोरगा कड्यावर उभा दिसतो आणि त्याचे केस उडतात. आठ चित्रं आहेत, मोजली. संवाद मी बोलायचाय. तोंड एकाच चित्रात उघडं काढलंय, त्यामुळे एकच अक्षर बसतंय, आणि ते कुठलं यावर भांडण चालू आहे. मिठागरताई, जरा बघाल का?

मिठागर | रविवार, रात्री ९:४४

उघडं म्हणजे किती? अर्धं की पूर्ण?